मलिहाचं खमीर आणि सतरंजीची चुकलेली घडी

पिंपळगाव राजा,
बुधवार, ४ जुलै २०१८

आदरणीय आसिफभाई,

अस्सलामु अलैकुम. तुमचा गुडघा कसा आहे? भाभींचा खोकला थांबला का? अल्लाहच्या मेहेरबानीनं आम्ही बरे आहोत. मागच्या वर्षी बोंडअळीनं कपाशी खाल्ली, तरी यंदा पुन्हा बीटीच लावली आहे (का ते विचारू नका, मलाही सांगता येणार नाही).

गेल्या शुक्रवारी पहाटे फजरची नमाज झाल्यावर मी मशिदीतल्या सतरंजीची घडी घातली. डोक्यात तुम्ही आमच्या मलिहासाठी आणलेलं डोणगावचं स्थळ होतं. मुलगा वकार सालस, घरचं बियाण्यांचं दुकान, अट एकच: पोरीनं पुण्याचं संशोधन सोडायचं. आणि तिला तर एक ऑगस्टला पीएचडीसाठी तिथं हजर व्हायचं आहे. या विचारात चौपदरी घडी तिपदरी झाली. माझ्यामागून जो आला त्यानं खालची घडी पाहून आपलीही तशीच घातली आणि पट्ट्यावर पट्टा जुळवून वर ठेवली. अशा अकरा सतरंज्या झाल्या. घड्या रुंद झाल्यानं कपाट लागेना. इमामसाहेबांनी जोर लावला तर दार बिजागरीसकट त्यांच्या हातात आलं. ते रागावत होते आणि मला हसू आवरेना, कारण मलिहा एमएस्सीपासून दोन वर्षं जे समजावत होती ते मला त्या घडीला समजलं.

पाव फुगवणाऱ्या खमिराच्या पेशीत एक प्रथिन असतं. एरवी त्याचे कण सुटे फिरतात. पण एकाची घडी वेगळी पडली की शेजारचा कण तशीच घडी घालून त्याच्यावर बसतो, रेषेवर रेष, आणि धागा वाढत जातो. धागा तुटला तर तुकडा तुकडा पुन्हा वाढतो, आणि आई-पेशीकडून लेकीकडे जातो. बियाण्यात, म्हणजे पेशीच्या जनुकांत, काडीचा फरक नाही, उतरते ती फक्त घडी! ती नेमकी कशी असते, हे आपली मलिहा शोधते. (माणसाच्या मेंदूच्या काही आजारांतही अशाच घड्या पडतात, असं मी हॉटेलात बोलून गेलो, तर दोन दिवस कोणी पाव खाईना. शेवटी मीच सगळ्यांसमोर चार पाव खाऊन दाखवले.)

आमच्या शेताशेजारचे हिंमतराव म्हणाले, “वाहेदभाऊ, यानं बोंडअळी मरन का?”

“नाही.”

“मंग कायले शिकून राह्यली पोरगी?”

“आजवर कोणालेच माहीत नाही, ते माहीत करून घ्याले.”

ते जवळ सरकले. मग म्हणाले, “आपल्या पिंपळगावची पोरगी?”

“हाव.”

तेव्हापासून तेच गावाला समजावत फिरतात. चुकीचं समजावतात, पण माझ्याहून मोठ्या आवाजात.

मी सातवी शिकलेला माणूस. मुलीचं काम समजायला मला अकरा सतरंज्या लागल्या. पण समजलं, आणि त्या दिवसापासून प्रत्येक नमाजेनंतर अल्लाहचा शुक्र अदा करतो. तुमची बहीण कौसर सलाम सांगते. तिनं मलिहाची बॅग केव्हाच भरून ठेवली आहे.

तुमचा,
वाहेद

ता. क. डोणगावच्या लोकांना नकार तुमच्या तोंडून जावा, एवढ्याचसाठी हे सगळं लिहिलं. तुम्ही मोठे, तुमचा शब्द त्यांना लागणार नाही.

दुसरी ता. क., गुरुवार. पत्र टाकायला निघालो आणि तुम्हाला पुढं करायची लाज वाटली. रविवारी वकारचे वडील चिखलीला तुमच्याकडे येतील, चांगले तापलेले असतील. त्यांना चहा पाजा, काय बोलतील ते ऐकून घ्या. तुम्हाला सांगायचं काही उरलेलं नाही. पत्र खिशात ठेवून मीच आज डोणगावला गेलो, आणि नकार देऊन आलो.