आबांना चुलीपुढं बसवलंस ते वर्ष

आई,

परवा सकाळी तुझे जावई एक फाईल घेऊन माझ्यासमोर बसले. तू त्यांना पाहिलं नाहीस. बँकेतून रिटायर झालेत, अबोल माणूस आहे, आता आम्ही दोघंच साताऱ्यात असतो. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या छातीत दुखलं, चार दिवस दवाखान्यात काढले, आता बरे आहेत. फाईलीत पेन्शनचे, घराचे, विम्याचे कागद होते. "एकदा बघून घे, कुठं काय ठेवलंय ते," एवढंच म्हणाले, आणि मी उठले. कुकर लावायचाय म्हणून आत गेले. कुकर मघाशीच लावून झाला होता. ओट्याला टेकून उभी राहिले आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की तू हेच बोलणं आबांशी काढलं होतंस, आणि आबा उठून गेले नव्हते. म्हणजे गेले होते, एकदा. ते पुढं सांगते.

आपल्या घरात मरणाची तयारी होती ती आबांच्या मरणाची. ते पलटणीत होते, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे आणि दर सुट्टीत तुला कागद दाखवायचे. मला काही झालं तर हा घेऊन सांगलीला जायचं, अमुक खिडकीवर द्यायचा, अंगठा नको, सही कर. तू सही शिकलीस ती त्यासाठी. त्यांच्या मनीऑर्डरीवर तू घर चालवायचीस. ती कधी वेळेवर यायची, कधी महिनाभर यायचीच नाही, म्हणून तू सुगीत, भाव पडलेला असताना, वर्षाचा शाळू भरून ठेवायचीस; हुलगा, मिरची, गूळही. "पैसा उशिरा आला तर चालतंय, पीठ उशिरा आलं तर चालत न्हाई." साबणाची वडी दोऱ्यानं कापून तिचे चार तुकडे करायचीस आणि एक संपल्याशिवाय दुसरा बाहेर काढायची नाहीस. लुगडं मधे विरलं की कापून, चांगल्या बाजू जोडून, दंड घालून पुन्हा नेसायचीस. तासगावच्या बाजाराला तू नेहमी बाजार उठायच्या वेळेला गेलीस. मला तेव्हा त्याची लाज वाटायची. बाकीच्या बायका टोपल्या भरून परत यायच्या तेव्हा आपण दोघी निघालेल्या असायचो.

मग एकाहत्तरची लढाई झाली, आणि आबा तिच्यातून धडधाकट परत आले. पेन्शन घेऊन आले, साखर कारखान्यावर वॉचमन म्हणून लागले. ज्या भीतीत तू दहा वर्षं काढलीस ती संपली. आणि बहात्तरचा दुष्काळ सरल्याच्या पुढच्या वर्षी तुला जिना चढता येईना, हंडा उचलता येईना, पाय सुजू लागले.

मिरजेच्या दवाखान्यातून तुम्ही दोघं परत आलात तो दिवस मला आठवतो. मी आठवीत होते. तू एसटीतून उतरलीस आणि तुझ्या हातात कागदात गुंडाळलेली द्राक्षं होती. अर्धा किलो. भाव पडलेली, गळालेली नव्हे. घडच्या घड, हिरवीगार. तू असं कधी काही आणलं नव्हतंस. मला वाटलं, चांगली बातमी आहे. सगळी मीच खाल्ली आणि तुम्ही दोघं माझ्याकडं बघत बसला होतात. तुझ्या काळजाची झडप निकामी झालीय, आता ऑपरेशनची वेळ गेली, वर्ष जाईल, फार तर दोन, हे मला कितीतरी नंतर आबांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू परात आबांच्या पुढं सरकवलीस.

मी दारात वही घेऊन उभी आहे. तू भिंतीला टेकून बसली आहेस, पाय लांब केलेले. आबा चुलीपुढं मांडी घालून, अंगात पलटणीतला जुना बनियन. "पाणी कडकडीत घ्या. आता पीठ रगडा. बोटानं न्हाई, तळव्यानं." आबा म्हणाले, "अगं, मी बंदूक चालवायला गेलो हुतो, लंगरात सैपाक करायला न्हाई." तू म्हणालीस, "मग आता सुट्टी संपली म्हणायची." पहिली भाकरी परातीतच फाटली. दुसरी तव्यावर टाकताना दुमडली. तिसरी आबांनी टाकली तशी बसली, पण फुगली नाही, दगडासारखी झाली, आणि तीच तू खाल्लीस. दुधात कुस्करून, सावकाश, शेवटच्या तुकड्यापर्यंत.

मला भाकरी येत होती, आई. दहाव्या वर्षापासून येत होती, तूच शिकवली होतीस. आबांच्या बोटांना फोड आले, कारखान्यावर उशीर होऊ लागला, शेजारच्या बायका पाण्याला जाताना मुद्दाम आपल्या दारावरून जायला लागल्या. मला वाटायचं, तुला आजारानं काहीतरी झालंय. एक दिवस आबांची पहाटेची पाळी होती. तू झोपलेली बघून मी उजाडायच्या आतच चूल पेटवली आणि चार भाकऱ्या करून ठेवल्या. गोल, पातळ, टम्म फुगलेल्या. आबा त्यातली एकही न घेता गेले, कारण तोवर तू उठली होतीस. तू त्या भाकऱ्या बघितल्यास, उचलल्यास, भिंतीचा आधार घेत घेत गोठ्यापर्यंत गेलीस आणि शेजाऱ्यांच्या म्हशीपुढं टाकल्यास. परातीला चिकटलेलं पीठसुद्धा खरवडून घेणारी तू. मी रडायला लागले.

"मला येतीया की भाकरी," मी म्हणाले. "आबांना कशाला तरास?"

"तुला येतीया म्हणूनच," तू म्हणालीस. तुला धाप लागली होती. "माझ्यामागं तू चुलीपुढं बसलीस की बसलीस. मग कुणी उठवायचं न्हाई तुला. सांज-सकाळ भाकरी, दुपारी धुणं, आणि वर्षाच्या आत कुणाच्या तरी घरात. तुला भाकरी येती हे या घराला कळता कामा नये. जा, पुस्तक घे."

त्या दिवशी तू जेवली नाहीस. मीही नाही. तुझं मरण त्या दिवशी मला कळलं, म्हशीच्या गोठ्यात, कुणी सांगितल्याशिवाय.

भाकरी जमायला लागली तशी तू आबांच्या हातात महिन्याचा खर्च दिलास. पेन्शन आणि पगार तुमच्याकडंच राहू दे, म्हणालीस, मी काय विचारणार न्हाई. आबांचा हात सैल. पलटणीतल्या माणसाला महिन्याच्या एक तारखेला सगळं मिळतं असं वाटतं. त्यांनी मला रिबिनी आणल्या, तुला फळं आणली, कुणाला हातउसने दिले, आणि वीस तारखेला डब्यात काही नव्हतं. पुढचे दहा दिवस आपण हुलग्याचं माडगं प्यालो. सकाळी माडगं, संध्याकाळी माडगं. सातव्या दिवशी आबा म्हणाले, "तुझ्याजवळ असतील की गं थोडं पैसं बाजूला." तू म्हणालीस, "असतील. पण मी नसल्यावर कुणाला इचारशीला?" त्यानंतरच्या महिन्यात आबांनी पहिल्याच दिवशी कागद घेऊन तुला विचारलं, आधी काय भरायचं. तू सांगत गेलीस. महिन्याचं आधी, रोजचं नंतर; शाळेची फी सगळ्यात वर. ते लिहीत गेले. परेडचे हुकूम लिहावेत तसे.

आत्या आली ती त्याच दिवसांत. आबांची थोरली बहीण, तरुणपणी विधवा झालेली, कष्टाळू बाई. दुष्ट नव्हती ती. दारातून आत आली आणि आपला भाऊ भाकरी थापतोय हे बघून उंबऱ्यावरच बसली.

"घरात दोन बायामाणसं, आन् गडी चुलीम्होरं. लोकं काय म्हणत असतील रं?"

आबा खाली मान घालून थापत राहिले. बोललीस तू. "वन्सं, मी गेल्यावर ह्यांनी काय करायचं, ते सांगा."

"असं अभद्र बोलू न्हाई."

"बोलायचं न्हाई, पर करायचं काय?"

आत्यानं परातीकडं बघितलं. मग म्हणाली, "पोरगी हाय की. आन् पोरगी गेली सासरी तर दुसरी बघू. गडीमाणसाला काय कमी हाय?"

मला वाटलं आता तू रडशील किंवा चिडशील. तू आबांकडं वळलीस आणि अगदी साधेपणानं, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं म्हणालीस, "बघा की. लगीन करायचं तर करा, मी न्हाई म्हणत न्हाई. पण भाकरीसाठी करू नका. आन् पोरीची मॅट्रिक हुईस्तवर करू नका."

तव्यावर भाकरी होती. आबा ती तशीच टाकून उठले आणि बाहेर गेले. मघाशी म्हटलं ना, एकदा गेले, तो हा दिवस. भाकरीचा वास सुटला, जळाली. आत्यानं उठून तवा उतरवला. आबा तासाभरानं परत आले, त्यांचे डोळे लाल होते, आणि त्यांनी पुन्हा परात पुढं ओढली. त्या तासात ते कुठं गेले होते हे मी त्यांना कधी विचारलं नाही. परवा ओट्याशी उभी असताना मला तो तास समजला. संध्याकाळी मी तुझ्या जावयांसमोर जाऊन बसले, फाईल उघडली आणि पहिल्या कागदापासून सगळं विचारून घेतलं. ते बिचारे घाबरलेच.

तू पुढच्या उन्हाळ्यात गेलीस, दुपारी, अंगणातल्या बाजेवर, लिंबाच्या सावलीत. आबा तुझ्या पायाशी बसून लसूण सोलत होते. मला हाक मारली तेव्हा त्यांच्या हातात लसूण तसाच होता.

तेरावं झालं. चौदाव्या दिवशी सकाळी आत्यानं माझे कपडे एका पिशवीत भरायला घेतले. मला तिच्या गावाला न्यायचं, तिच्या दिराच्या पाहण्यात एक मुलगा होता, फलटणकडचा, बागायतदार. घरात अजून पंधरा-सोळा माणसं होती. सगळ्यांना ते बरोबरच वाटत होतं. मी भिंतीला लागून उभी होते आणि मला शेजाऱ्यांची ती म्हैस आठवत होती. आबा उठले. त्यांनी टक्कल केलं होतं, ओळखू येत नव्हते. मला वाटलं ते आत्याला काही बोलतील. ते चुलीपाशी गेले, जाळ केला, पीठ घेतलं. सगळ्यांच्या देखत, एकामागून एक, ते भाकऱ्या थापत राहिले. हात आता तुझ्यासारखा पडत होता. कड कुठं फाटत नव्हती. आमटी केली. पानं मांडली. पंधरा-सोळा माणसांना वाढलं, आणि शेवटी आत्याच्या पुढं पान ठेवून स्वतः समोर बसले.

"आक्का, जेव," म्हणाले. "तिची शाळा सोमवारी सुरू हुतीया."

आत्या जेवली. अर्धी भाकरी संपल्यावर म्हणाली, "आमटीत मीठ कमी हाय." मग पदर डोळ्यांना लावला. पिशवीतले कपडे तिनं स्वतःच परत फडताळात ठेवले आणि पुन्हा तो विषय कधी काढला नाही.

आबांनी दुसरं लग्न केलं नाही, आई. मॅट्रिक झाल्यावर आत्यानं एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, आता काय अडलंय. मी सांगलीला कॉलेजला गेले, पुढं मास्तरीण झाले, तीस वर्षं मुलींना शिकवलं. ते गावातच राहिले आणि शेवटच्या आजारापर्यंत स्वतःची भाकरी स्वतः करून खाल्ली. त्यांनाही जाऊन आता बरीच वर्षं झाली. हे पत्र टाकायला पेटी कुठली? लिहून झालं की फाडेन, नाहीतर राहील कुठल्या तरी वहीत.

एक सांगायचं राहिलंय. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, तुझ्या जावयांनाही नाही.

सांगलीच्या होस्टेलवर पहिल्याच दिवशी मुलींनी विचारलं, डबा कुणी दिला? वडील भाकरी करतात असं म्हणवेना. आई नाही असंही म्हणवेना. मी म्हणाले, आईनं. आणि मग पुढची दोन वर्षं मी तुला जिवंत ठेवलं. आई असं म्हणते, आईला बरं नाही, आईनं चटणी पाठवलीय. एका रविवारी आबा शेंगदाण्याची चटणी आणि भाकऱ्या घेऊन आले. मी अंघोळीला गेले होते. परत आले तर ते व्हरांड्यात बाकावर बसलेले, टोपी मांडीवर, आणि माझी खोलीतली मैत्रीण त्यांना सांगत होती, "काका, मागच्या वेळची चटणी फार छान होती. काकूंना सांगा हं."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी ओल्या केसांनी तशीच उभी होते.

"सांगतो," ते तिला म्हणाले.

मग आम्ही दोघं स्टँडपर्यंत चालत गेलो. त्यांनी मला विचारलं नाही, आणि मीही त्यांना काही सांगितलं नाही. त्या दिवशीही नाही, पुढं कधीच नाही.