हसऱ्या चेहऱ्यावरची खूण

ता. ३ मार्च

चि. बबडीस,

आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. विसरली असशील म्हणून सांगते, मी तुझ्या आईची आई, अजून आहे. तीन पत्रं झाली, उत्तर नाही. मला लिहिता येत नाही तरी मी पत्रं धाडते, तुला येतं तर तू धाडत नाहीस. लिहून घेणारी शेजारची शिंपीणबाई यावर खुदुखुदु हसतेय.

तुझ्या हट्टापायी आजोबांना तुझ्या इस्पितळात नेऊन आणलं. डॉक्टरनं गळ्यातली गाठ चाचपली, तपासायला सुई टोचली आणि बाकी वेळ कॉम्प्युटरकडेच बघत बसला. तीन मिनिटं! आजोबा म्हणाले, आजारी तो डबाच दिसतोय, आपण निघू या. त्यापेक्षा इथला काढेवाला बरा. तास तास बसतो. झोप कशी लागते, उभा जन्म घड्याळं दुरुस्त करताना मान कुठल्या बाजूला वाकायची, सगळं विचारतो. आजोबा तिथून शीळ घालत परततात. काढा कडूजहर, पण माणूस खूश. चाळीस दिवस घ्यायला सांगितलाय, आठ झाले.

लोभ आहेच म्हणतेस, तो कधी कागदावरही दिसू दे.

तुझी आजी


ता. ९ मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

रागाव हवं तर, पण हे पत्र आजोबांना आजच वाचून दाखवायला सांग. सुईचा रिपोर्ट आलाय. गाठ वाईट आहे. आत्ता कापली तर निघेल, महिन्याभरानं सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

माझं काम तुला ठाऊक आहे. समाधान झालं का, हे पेशंटला जाताना विचारायचं. आमच्यावर लोक वैतागलेले असतात आणि काढेवाल्यांचं कौतुक करताना थकत नाहीत. पण आजी, ते कौतुक करणारेच आमच्याकडे सगळ्यात उशिरा आलेले असतात. आमचे डॉक्टर दिवसाला ऐंशी जणांना तपासतात. त्यांना बोलणं जमत नाही, गाठ काढणं जमतं.

सोमवारी या. मी दारातच उभी राहते.

तुझीच, बबडी


ता. २१ जून

चि. बबडीस,

अनेक आशीर्वाद. इतकी नावं ठेवून शेवटी इस्पितळाच्या कागदावर हसऱ्या चेहऱ्यावर खूण का केलीस, असं तू विचारलंस. सांगते. त्याआधी दुसरं सांगायचंय. शिंपीणबाईचा हात थांबलाय, पण मी म्हटलं, लिही.

तुझं मार्चचं पत्र तिनं दोनदा वाचलं. एकदा मला, एकदा आजोबांना. त्यांना वाचताना गाठीचा मजकूर मीच गाळायला लावला. माणूस शीळ घालत होता गं. म्हटलं, चाळीस दिवस पुरे होऊ देत, मग सांगू. सोमवारी तू दारात उभी होतीस आणि मी इथे काढा उकळत होते. पुढे काढेवाल्यानंच हात जोडले, गाठ वाढतेय, तिकडे न्या म्हणाला. त्याला बोल लावू नकोस. रिपोर्टचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग तुझ्या इस्पितळात आलो. तोच डॉक्टर, पण या खेपेला स्टूल ओढून अर्धा तास बसला. घड्याळांचंही विचारलं. आजोबा फुलून आले आणि मला कळून चुकलं. एवढा वेळ देतोय म्हणजे याच्याकडे द्यायला दुसरं काही उरलेलं नाही.

बाहेर त्या दिवशी तुझ्या जागेवर असलेल्या मुलीनं तो तोंडांचा कागद पुढे केला. मला वाटलं, पेशंट कसा आहे ते विचारतायत. आजोबा माझ्या खांद्यावरून बघत होते. रडक्या तोंडावर खूण कशी करू?

गाळलेलं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. तू ये. ते पत्र मी जपून ठेवलंय. तू त्यांच्याजवळ बसून वाच, सगळं वाच. मीही तिथेच बसेन.

लोभ ठेव म्हणायला मला तोंड नाही, तरी ठेव.

तुझी आजी

ता. क. बिस्किटं, फळं काही आणू नकोस, त्यांना गिळवत नाही. आईस्क्रीम आण. वाटेत वितळलं तरी चालेल, पातळ झालेलंच घशाखाली उतरतं.