मन्मथ सरांचा रिव्ह्यू

९ जून २०१४, लातूर

पोचलो एकदाचा! कंधारहून एसटीत हाडं खिळखिळी झाली, पण मन खूश. नोकरी कोचिंग क्लासात, मालक वीरण्णा सर. त्यांच्या होस्टेलात राहायला खोली, दोन वेळचं जेवण आणि काम काय, तर कॉम्प्युटर! होस्टेलात भूकंपाचा भोंगा आहे, जमीन जराशी हलली की बोंबलतो. त्याचा प्रोग्रॅम ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, कुणीही दुरुस्त करावा. गावोगावी शाळांत, घरांत तोच फुकट चालतो. तो मी सांभाळायचा: चुका शोधायच्या, टेस्ट, म्हणजे प्रोग्रॅम नीट चालतो का हे बघणाऱ्या आपोआप चाचण्या, चालवायच्या, केलेले बदल रिव्ह्यूला, म्हणजे तपासणीला, पाठवायचे. एकही टेस्ट फेल झाली तर बदल घेत नाहीत. स्वयंपाकीण गुणाबाईंची आमटी झकास.

१७ जून

प्रोग्रॅम लिहिला मन्मथ सरांनी, गुणाबाईंच्या गावचे निवृत्त मास्तर; रिव्ह्यूही तेच करतात. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांची बायको आणि दोन्ही मुली गेल्या, म्हणून हा भोंगा. ऐकून वाईट वाटलं. पण माणूस महाखडूस! माझा बदल पुन्हा परत, वर शेरा: "यासेर, आधी टेस्ट वाच, मग अक्कल चालव." सगळ्या जगाला दिसेल असा! डोकंच फिरलं. याची जिरवल्याशिवाय राहणार नाही.

२५ जून

बारीक हादऱ्याला भोंगा वाजला की पोरं पेपर टाकून पळतात, म्हणून वीरण्णा सरांना तो नको. तसा बदल केला, तर मास्तरांची टेस्ट फेल: बारीक हादऱ्यालाही भोंगा वाजलाच पाहिजे. मी ती टेस्टच बंद करून टाकली. सगळ्या भोंग्यांना प्रोग्रॅम पुरवणारा सर्व्हर वीरण्णा सरांच्याच पैशावर चालतो, पासवर्ड माझ्याकडे होताच. रिव्ह्यूला न पाठवता नवी आवृत्ती गावोगावी सोडली. घ्या मास्तर! फार बरं वाटलं.

२ जुलै

काल दुपारी बारीक हादरा बसला. भोंगे गप्प. मन्मथ सरांच्या दगडी घराची भिंत पावसानं फुगलेलीच होती, ती कोसळली. ते आत झोपले होते, जागीच गेले. गुणाबाई रडत म्हणाल्या, "सरला लई भरवसा हुता त्या भोंग्यावर. वाजलाच न्हाई बघा." मी ताटावरून उठलो.

४ जुलै

त्यांच्या नावानं शेरा आलाय. आजचा. "यासेर, तुझ्या बदलाचा रिव्ह्यू सुरू केला आहे." कुणाचा तरी चावटपणा असणार. पासवर्ड बदलला.

५ जुलै

टेस्ट पुन्हा चालू केली. बदल परत आला. "आता कशाला?" एवढंच.

खोली हलते. फक्त माझी. बाहेर पोरं आरामात क्रिकेट खेळताहेत — भोंगा वाजत नाही —

७ जुलै, कंधार

पळून अम्मीकडे आलो. लॅपटॉप तिकडेच टाकला. इथंही हलतंय. अम्मी म्हणते, काहीच हललं नाही, ताप आलाय तुला. भीती वाटते. मेलेल्या माणसाची माफी कुठं मागायची —

८ जुलै, सकाळ

मोबाइलवर टेस्ट आपोआप सुरू झाल्यात. मी हात लावला नाही —

खाट हलली: पास.

भोंगा गप्प: पास.

दार अडकलं: पास. खरंच अडकलंय — अम्मी बाहेरून ढकलतेय, रडतेय —

सर, चुकलो, मी मुद्दाम —

भिंत: