रिकाम्या पोटी

३ मार्च
ठरलं! केकच्या कारखान्यातली नोकरी सोडायची आणि नणंदेबरोबर स्वतःचं दुकान काढायचं. आज गाळा बघून आलो. कोपऱ्यावरचा, समोर मोठी काच, आत ओव्हनला ऐसपैस जागा. नणंद तिथेच टाळ्या पिटायला लागली. गाळेवाला बघतच राहिला!

४ मार्च
नवऱ्याने पाचर मारली. "कारखाना सोडलास की सगळ्यांच्या दवाखान्याचा खर्च आपल्या डोक्यावर. आधी आरोग्य विमा, मग राजीनामा." म्हटलं, आपण काय उठसूट आजारी पडणारी माणसं आहोत? तर म्हणतो, "ओव्हन धडधाकट असताना त्याचा विमा काढणार आहेसच ना?" असा राग आला! सायकली दुरुस्त करणाऱ्या माणसाने इतकं मुद्द्याचं बोलू नये!

७ मार्च
विमावाला येऊन गेला. हप्ता केवढा तो! मी नाहीच म्हणणार होते. पण नणंदेने आपल्या दादाचीच बाजू घेतली. "काढूया गं वहिनी. दोघींचा." ती घरून केकच्या ऑर्डरी घेते, एकटी राहते, तिला आजवर कुणाचंच छत्र नाही. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बरं, काढू!

१० मार्च
तिच्याकडे सकाळी वाढदिवसाचा केक उरकला आणि दोघी थेट विम्याच्या तपासणीसाठी रक्त द्यायला. रिकाम्या पोटी. सुई बघून मी डोळे मिटले, ती मला हसली.

१२ मार्च
दोघींची साखर चढलेली! तिची तर माझ्याहून जास्त. दुकान गेलं, विमा गेला, सगळं गेलं —
आणि एकदम आठवलं. क्रीम! त्या सकाळी मी क्रीम चाखत होते. सारखी! इतक्या वर्षांची सवय, बोट आपोआप भांड्यात जातं. नाश्ता केला नाही म्हणजे उपाशीच, असं मी धरून चालले होते!
"तूही चाखलंस ना गं?"
"हो ना वहिनी!"
पोट धरून हसलो. तपासणीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "केकवाल्यांनी तोंडाला कुलूप लावून यावं. पुन्हा तपासू."

१४ मार्च
फेरतपासणी. बोट तोंडात जाऊ नये म्हणून तोंडावर फडकं बांधून केक केला. न चाखता केलेला — खारट झाला! नवऱ्याने मुकाट्याने खाल्ला, बिचारा. नणंद आली नाही. "ऑर्डर आहे, तू जाऊन ये. मी देईन नंतर."

१५ मार्च
साखर अगदी व्यवस्थित! स्वयंपाकघरात नाचले. लेक म्हणाली, "आई, शेजारचे बघतायत." बघू देत! राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला. गाळेवाल्याला फोन केला. नणंदेला केला, ती उचलत नव्हती. कामात असेल. पाटी पिवळी करावी की लाल?

१६ मार्च
नणंद आली. मी पाटीचे रंग दाखवत सुटले होते. ती खुर्चीच्या कडेला बसून होती. मग म्हणाली, "वहिनी, मी त्या दिवशी क्रीमला बोटसुद्धा लावलं नव्हतं."
किती दिवस तिला तहान तहान होतेय, पाय बधिर पडतायत. म्हणून तर विम्याचा आग्रह. आणि मी खुशीत होते म्हणून गप्प राहिली, वेडी!
खूप रडलो दोघी. विमा निघेल तेव्हा निघेल, आणि खरं सांगूनच काढायचा. गाळेवाल्याला थांबायला सांगितलंय. उद्या सकाळी तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे.