मयत नवऱ्याची चौकशी

सुमनच्या बापास जयभीम.

तुमी ढोकीला ऊस तोडायला गेलात, त्याला सात वर्षं झाली. यंदा निराधार बायांना सरकारी पगार मिळणार म्हणून शेजारच्या आबारावांनी माझा अर्ज भरला. "कुंकू पुसून ये आन् सायबापुढं नुसती मान हलीव," म्हणाले. का, ते मी इचारलं न्हाय. मी कुंकू पुसून भूमच्या कचेरीत गेले.

सायबांनी अर्ज वाचला, "नवरा मयत."

माझ्या तोंडून निघालं, "कवा? कुणी सांगितलं?"

सायबांनी पेन खाली ठेवलं. आबाराव लई चिडले. पण मला खरंच वाटलं, सायबाच्या कागदात तुमचा ठावठिकाणा असंल.

अर्ज बाद झाला. तुमचा पत्ता न्हाय, म्हणून हे पत्र रिकाम्या कणगीत ठेवते. कुंकू परत लावू का, एवढं तरी कळवा.

अजून तरी तुमचीच,
बनाबाई