तुम्ही सोप्यात, मी मागच्या दारी

अण्णा, आज तुमचाच धडा मी नातीला शिकवला, आणि तुमच्याविरुद्ध शिकवला. ती विचारत होती, "आजोबा, दोन घटना एकत्र घडतच नाहीत, म्हणजे त्यांचा संबंधच नाही, अल्वा? मग त्या स्वतंत्रच की!" वर्गात तुम्ही म्हणायचात तेच मी म्हणालो, "छापा दिसला की काटा नाही हे न बघता कळतं. एकाला बघून दुसऱ्याचं कळतं, ते कसले स्वतंत्र? छापा पडला म्हणून शेजारच्या फाशावर सहा यायचं थांबत नाही, ते स्वतंत्र."

आणि एकदम नजरबादच्या आपल्या जुन्या घरातलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आलं. तुम्ही पाटावर बसलेले, ताटातला भात तसाच. "या घरात एकतर ती कन्नड मुलगी येईल, नाहीतर मराठी राहील. दोन्ही नाही." गणिताचे मास्तर तुम्ही, आणि सिद्धांत बिनपुराव्याचा! मी तिला लग्न करून आणलीच. मग तुम्ही सोप्यात आलात की मी मागच्या दारानं बाहेर. आई पाहुण्यांना हसून सांगायची, "हे सोप्यात आहेत ना? मग तो बाहेर गेलाच म्हणून समजा." मला वाटायचं, मी स्वतंत्र झालो.

पण तुमचा सिद्धांत खोटा ठरला, अण्णा. माझ्या शाळेच्या पुस्तकातल्या मराठी कविता हिने पोळ्या लाटता लाटता पाठ केल्या, आपल्या कन्नड हेलात. आज नात त्याच म्हणते. शब्द अडला की आजीला कन्नडमध्ये विचारते, आणि पुढची ओळ डोळे मिटून म्हणते, अगदी मी म्हणायचो तशी. मराठी होती तशीच राहिली, असं मी म्हणत नाही. तिच्यावर कन्नडचा रंग चढलाय. त्या दोघी स्वतंत्र नव्हत्याच. पण एक आली म्हणून दुसरी गेली? मुळीच नाही. आत्तासुद्धा आतून हिची हाक येतेय, "साकु री, पुरे तुमचं गणित, जेवायला या!" एकाच वाक्यात दोघी नांदतायत. खोडून दाखवा.

हे पत्र कुठे टाकणार? वहीतच राहील. तुमची आरामखुर्ची इथे हूटगळ्ळीच्या घरीही आणलीय, पुढच्या खोलीत, उजेडाला. तिथे बसून लिहावं असं सकाळपासून मनात होतं. पण एक सांगतो, अण्णा, हे सगळं मी मागच्या दारच्या पायरीवर बसून लिहिलंय.