दाराला हात लावणार नाही

३ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ५.४०
नवा सीझन, नवी वही. कुर्येत या बायकांच्या आइस हॉकी संघात माझं चौदावं वर्ष. मागच्या वर्षीची पहिली गोलकीपर लग्न करून स्वीडनला गेली. आता पहिली गोलकीपर कोण, हे सांगायला ज्योतिषी नको. काल कोच काइसूने बोलावून घेतलं आणि म्हणाली, रीक्का, तुझ्याशिवाय ही टीम चालायची नाही. तिचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवतेय, उद्या फिरवायला नकोत.
संकल्प. एक, दालचिनीचा बन बंद (शनिवार सोडून). दोन, रोज सकाळी डेपोत जायच्या आधी वीस मिनिटं पाय ताणायचे. आज उशीर झाला. तीन, बर्फावरून बाकाकडे यायच्या दाराला हात लावणार नाही. राखीव गोलकीपर म्हणून तेरा वर्षं कठड्याशी उभी राहून, दमून परतणाऱ्या पोरींना दार उघडून दिलं. पुरे. दिवसभर चार नंबरची बस चालवते, तिची दारं उघडते तेवढं बास.

५ सप्टेंबर, गुरुवार
डेपोच्या कॅन्टीनमध्ये वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक. पॅनकेक म्हणजे बन नव्हे.
संध्याकाळी काइसूने एक नवी पोरगी आणली. तूली. वय वीस, पार उत्तरेकडची. गोलकीपर. पुढे येऊन हात मिळवला आणि विचारलं, तुम्ही इथे किती वर्षं आहात? तुम्ही! आमच्याकडे बँकेच्या मॅनेजरलाही अरे म्हणतात. तुम्ही म्हणतात ते राष्ट्राध्यक्षाला, नाहीतर काठी घेऊन बसमध्ये चढणाऱ्याला. मी पस्तीस वर्षांची आहे.
काइसू म्हणाली, तूली तुझ्याकडून शिकेल. म्हणजे शिकाऊ आहे. मग हरकत नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार
पहिली मॅच, बाहेरगावी. तूली खेळली. आधी राग आला, मग डाव लक्षात आला. काइसू मला लपवून ठेवतेय. हल्ली प्रत्येक टीम समोरच्या गोलकीपरचे व्हिडिओ बघून कच्चे दुवे शोधते. माझा व्हिडिओ कुणाकडेच नाही.
आकडेही माझ्याच बाजूने आहेत. तेरा वर्षांत मी बर्फावर एकूण त्रेपन्न मिनिटं होते. सात गोल खाल्ले. त्यातले चार एकाच मॅचमध्ये, त्या दिवशी मला ताप होता. ताप वजा करता तीनच गोल. ती सगळी मिनिटं बाहेरगावची, हा केवळ योगायोग.
दोन बन. शनिवार आहे.

२१ सप्टेंबर, शनिवार
घरची पहिली मॅच. तिसरा संकल्प अकरा मिनिटं पाळला.
आमच्या रिंकचं दार फार जुनं. थंडीत अडकतं. कडी वर उचलायची, ढोपराचा एक दणका द्यायचा आणि मग ओढायचं, तेही दणक्याच्या लगेच मागोमाग, नाहीतर पुन्हा बसतं. हे फक्त मला जमतं. बर्फ आणि स्केट्स सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या वेइक्कोला दरवर्षी सांगते, अरे दुरुस्त कर. तो म्हणतो, बिघडलंय कुठे, त्याला माणसाची ओळख लागते.
तर मी हाताची घडी घालून उभी. बचावातली हेन्ना धापा टाकत आली आणि दारावर आपटली. तिच्या मागे दुसरी, तिच्या मागे तिसरी. हेन्ना ओरडली, अगं महाराणी, उघडतेस की इथेच मरू? उघडलं. माणुसकी म्हणून, एकदाच. नंतर आणखी एकाहत्तर वेळा, पण तीही माणुसकीच.

७ नोव्हेंबर, गुरुवार
नऊ मॅच झाल्या, नऊही तूली खेळली. काइसू मला जरा जास्तच लपवतेय. बोलायला गेले. म्हटलं, माझी वेळ कधी? ती फळ्यावर बाण काढत होती, न वळताच म्हणाली, रीक्का, तू आहेस तिथे मला कसली काळजी नसते. बाहेर येऊन विचार केला. हे कौतुकच आहे.
पाय ताणणे: सप्टेंबरपासून चार वेळा.

६ डिसेंबर, शुक्रवार
स्वातंत्र्यदिन. प्रथेप्रमाणे खिडकीत दोन मेणबत्त्या लावल्या. आई गावाहून आली. होम मॅच ती एकही चुकवत नाही. तिसऱ्या रांगेत थर्मास आणि विणकाम घेऊन बसते. टीममधल्या प्रत्येकीच्या पायात तिचे मोजे आहेत, तूलीच्यासुद्धा. तूलीला कशाला, म्हणून विचारलं, तर म्हणाली, पोरीचे पाय बघ किती थंड पडतात, तिची आई हजार किलोमीटरवर.
नेहमीप्रमाणे माझी समजूत काढली. म्हणे, तू दाराशी असलीस की तुझा चेहरा दिसतो, गोलमध्ये मास्क घातल्यावर कोण कुठली काय कळणार? मग मी भांडी घासत असताना फोनवर शेजारणीला सांगत होती, एकदा पोरीला आपल्या रिंकवर खेळताना बघितलं की सुटले, मग नाही बाई या थंडीत यायची.
हे मी ऐकलंय ते तिला माहीत नाही. मला रडू आलं. साबण डोळ्यात गेला असंही म्हणता येईल.

९ जानेवारी, गुरुवार
काइसूने पुन्हा बोलावलं. पुढच्या वर्षी ज्युनियरमधली एक सोळा वर्षांची पोर वर येणार. गोलकीपर दोनच ठेवायच्या. काइसू म्हणाली, मला तुला तोंडावर सांगायचं होतं, मागून कळायला नको. तिचे डोळे लाल झाले होते. सर्दी असणार.
मी ओळखलं. मला डिवचून माझ्यातला उत्तम खेळ बाहेर काढायचाय. जुनी युक्ती. मी ठणकावून सांगितलं, मी कुठे जात नाही. काढायचं तर मला दारासकट काढा.
बन तीन. गुरुवार होता, पण परिस्थिती पाहता.

१५ फेब्रुवारी, शनिवार
अजून शून्य मिनिटं. फॉर्म उत्तम. सरावात हेन्नाचा एक फटका अडवला. हेन्ना म्हणते, फटका नव्हता, पास होता आणि तुला नव्हता. अडवला ते महत्त्वाचं.

२१ मार्च, शुक्रवार
उद्या शेवटची मॅच, घरच्या रिंकवर. जिंकलो तर वरच्या लीगमध्ये टिकलो, हरलो तर खाली. एवढ्या मोठ्या मॅचला काइसू हुकमी पान काढणारच. आईला फोन केला, म्हटलं, उद्या नक्की. ती म्हणाली, बरं, चांगला चष्मा आणते. हे ती गेली चौदा वर्षं म्हणते.
संकल्प: उद्या दाराला हात लावणार नाही. मेले तरी.

२३ मार्च, रविवार. सकाळी
काल जे झालं ते नीट क्रमाने लिहिते, कारण लोक वाट्टेल ते बोलतायत.
तूलीच खेळली. दोन-एकने आम्ही पुढे. आठ मिनिटं उरली असताना पकची रबरी चकती तूलीच्या बोटावर बसली. बोट वाकडं झालं. काइसूने बाकाकडे पाहिलं आणि म्हणाली, रीक्का, जा. दार मीच उघडलं आणि मीच बाहेर पडले. तिसऱ्या रांगेत आई उभी राहिली होती, विणकाम खाली पडलं होतं.
चार फटके अडवले. एक पायाने, एक काठीने, एक हातमोज्यात. एक मला लागला, मी त्याला नाही, पण अडला. प्रेक्षक माझं नाव घेत होते. चौदा वर्षं मी म्हणत होते ते खरं होतं. मी गोलकीपर आहे.
चार मिनिटं उरली होती. पक पार पलीकडच्या टोकाला. आमच्या दमलेल्या पोरी बदली खेळाडूंसाठी परतल्या आणि दार अडकलं. आत तूली एका हाताने झटत होती. कडी उचलायची, पण ढोपर मारायची नाही. बाहेर हेन्ना कठड्यावर पालथी पडलेली, तिच्या पायात त्राण नव्हतं. मी ओरडले, तूली, ढोपर! तिला ऐकू जाईना.
मी हिशेब केला. पक लांब आहे, जायला-यायला सात सेकंद.
खरं सांगायचं तर हिशेब केला नाही. पाय गेले. भानावर आले तेव्हा मी कठड्यापाशी होते, वरून हात घालून कडी उचलली होती, ढोपर मारलं होतं आणि दार उघडलं होतं. हेन्ना आत पडली. अख्खी रिंक ओरडत होती. मला वाटलं, दार उघडल्याबद्दल.
मागे वळले. समोरच्या टीमने लांबूनच मारलेला पक रिकाम्या गोलकडे निघाला होता. जोरात नव्हता, सावकाश जात होता. मी मागे धावले. माझ्या आधी पोचला.
दोन-दोन. जादा वेळ. काइसू डोकं धरून बसली. जादा वेळात मी आणखी पाच फटके अडवले. हे कुणी सांगत नाही. मग हेन्नाने गोल केला. जिंकलो. टिकलो. कागदावर विजयी गोलकीपर म्हणून माझं नाव आहे.
तूली वाकडं बोट धरून आली, हसत-रडत मला चिकटली आणि म्हणाली, वेडी आहेस का गं तू? तू म्हणाली.

२५ मार्च, मंगळवार
इतकी वर्षं माझा व्हिडिओ कुणाकडे नव्हता. आता तो न पाहिलेला माणूस देशात सापडायचा नाही. तीन लाख लोकांनी पाहिला. पाच फटके त्यात नाहीत. सकाळी एक आजोबा काठी टेकत बसमध्ये चढले आणि म्हणाले, काय गं, गोल सोडून आज इकडे कशी? मी दार लावलं. त्यांना पुढच्या स्टॉपवर उतरायचं होतं, आणखी एक स्टॉप फिरवून आणले.

८ एप्रिल, मंगळवार
निवृत्ती नाही. पाच क्लबांना पत्रं पाठवली. एकाचंच उत्तर आलं. त्यांना वाटल्यास माझा व्हिडिओ पाठवीन असं मी लिहिलं होतं. त्यांनी लिहिलंय, पाहिलाय.
आईला विचारलं, झालं ना आता तुझं बघून? यायचं थांबवणार? ती म्हणाली, छे गं, मास्कमधून काहीच दिसलं नाही. फक्त दाराशी आलीस तेव्हा ओळखलं, ही माझी.

२८ एप्रिल, सोमवार
सीझनचा निरोप. सॉना, सॉसेज, भाषणं. मी मुद्दाम गेले नाही. संध्याकाळी हेन्नाचा फोन. क्लबने माझ्या नावाची पाटी केलीये. मला वाटलं, छताखाली माझी तीस नंबरची जर्सी टांगणार. तिथे मोठ्या खेळाडूंच्या टांगतात. म्हणाली, नाही गं, पाटी दाराला लावलीये. बाकाच्या. रीक्काचं दार.
चौदा वर्षं, एकसष्ट मिनिटं, वर जादा वेळ, एक विजय, आणि पाटी दारावर! मी गप्प बसणार नाही. परवा सुट्टी आहे. स्क्रूड्रायव्हर घेऊन जाणार, पाटी काढणार आणि काइसूच्या टेबलावर आपटणार.

३० एप्रिल, बुधवार. दुपारी
गेले. बर्फ काढून टाकलाय, खाली नुसतं सिमेंट. उद्या व्हाप्पू, म्हणजे वसंताचा सण, गावभर फुगे आणि दंगा, रिंकमध्ये कुणी नाही. वेइक्को पाण्याचा लांब पाइप गुंडाळत होता. माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर त्याने पाहिला आणि पुन्हा पाइपकडे वळला.
पितळेची पाटी आहे. खाली नंबर, तीस. स्पेलिंग बरोबर.
पण तिरकी लागली होती. वेइक्कोला सरळ काही लावता येत नाही. सरळ केली. चारही स्क्रू घट्ट केले. मग दार दोनदा उघडून पाहिलं.
उन्हाळ्यातही अडकतंय. ढोपर मारावंच लागतं.